परत आलेल्यांना आपण काय दिलं?

बडोद्यातल्या मराठी घरांत सध्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: कोरोनात शिक्षण ऑनलाइन झालं, आता मुलांना परदेशी धाडायची गरज नाही, गेलेली हुशार पोरं परतत नाहीत, आणि परदेशी विद्यापीठांशी होणारे करार फक्त फोटोपुरते. दांडिया बाजारात परवा तोच पुन्हा ऐकला, म्हणून लिहिते आहे.

आधी ऑनलाइनचं. चीनमध्ये डॉक्टरकी शिकणारी आपली हजारो मुलं 2020 मध्ये घरी अडकली, ती ऑगस्ट 2022 पर्यंत व्हिसाची वाट बघत होती. व्याख्यानं मोबाइलवर मिळत होती. पण रोग्याचं पोट दाबून यकृत वाढलंय का, हे वॉर्डात उभं राहूनच कळतं. आणि मुलं थांबली का? 2020 मध्ये सुमारे 2.6 लाख भारतीय विद्यार्थी परदेशी गेले, 2022 मध्ये 7.5 लाख.

फोटोपुरते करार मीही पाहिलेत, त्यांची चीड मलाही आहे. पण मे 2022 मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) भारतीय आणि परदेशी संस्थांनी मिळून द्यायच्या संयुक्त पदवीचे नियम केले. त्यांत दोन्ही संस्थांत किमान 30 टक्के क्रेडिट (अभ्यासाचे श्रेयांक) मिळवावे लागतात, म्हणजे बराच अभ्यास इथेच होऊ शकतो. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये वाचनालयं उभी करायला अमेरिकन ग्रंथपाल बोर्डन यांना आणलं. त्यांनी इथल्या माणसांना वर्ग घेऊन शिकवलं. 1913 मध्ये ते गेले, वाचनालयं चालत राहिली. प्रत्येक कराराला हीच कसोटी लावा.

राहिलं ‘परतत नाहीत’. 1913 मध्ये याच संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. परतून दहा वर्षं नोकरी करायची अट होती. ते सप्टेंबर 1917 मध्ये आले. जातीपायी या शहरात त्यांना कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्यांनी तिथूनही हुसकलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून ते रडले आणि मुंबईला निघून गेले. शिष्यवृत्ती देणारं बडोदं आणि हुसकणारंही बडोदंच.

माझ्या ओळखीची एक मुलगी कोरोनानंतर जर्मनीतून डॉक्टरेट घेऊन आली. तिला मिळाली अकरा महिन्यांची हंगामी नोकरी. दोनदा मुदत वाढली, तिसऱ्यांदा कागद टेबलावरच राहिला. गेल्या वर्षी ती पुन्हा जर्मनीला गेली. मजकूर पाठवणाऱ्यांनी तिला ‘न परतलेल्यांत’ धरलंय.