जास्त फी भरतो म्हणून प्रवेश सोपा? नाही

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या बारावीच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज सुरू झाले की मराठी पालकांच्या गटांतून एक संदेश फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: ‘सरकारी विद्यापीठांना पैसा हवा असतो. परराज्यातला विद्यार्थी दुप्पट-तिप्पट फी भरतो, म्हणून त्याला आधी घेतात. कॅलिफोर्नियाच्या सरकारी ऑडिटनेच हे सिद्ध केलंय. फीचीही चिंता नको, वर्षभर तिथे राहिलं की मूल त्या राज्याचं रहिवासी होतं.’ यावर विसंबून अर्जांची यादी करणारी घरं मी पाहिली आहेत. म्हणून एकेक विधान तपासते आहे.

ऑडिटपासून सुरुवात करू, कारण ती गोष्ट खरी आहे. 2008 च्या मंदीनंतर राज्याने अनुदान कापलं आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ती तूट परराज्यांतल्या आणि परदेशी मुलांच्या फीतून भरून काढू लागली. मार्च 2016 मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी अहवाल दिला. तीन वर्षांत जवळपास 16,000 अनिवासी (म्हणजे परराज्यांतल्या आणि परदेशी) विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ केला गेला होता, ज्यांचे गुण निवड झालेल्या कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या मध्यकाहून कमी होते. विद्यापीठाने हा निष्कर्ष मान्य केला नाही, पण स्थानिक पालक खवळले आणि ते रास्तच होतं. कर त्यांनी भरला होता.

संदेश इथे थांबतो. पुढचं सांगत नाही. 2017 मध्ये विद्यापीठाच्या रीजंट्सनी, म्हणजे नियामक मंडळाने, अनिवासींवर मर्यादा घातली: बहुतेक कॅम्पसवर 18 टक्के, आणि जिथे प्रमाण आधीच त्याहून जास्त होतं त्या बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो आणि अर्व्हाइनला तिथेच रोखलं. 2021 मध्ये विधिमंडळाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यांनीही पाच वर्षांत 18 टक्क्यांवर यायचं, आणि त्यात बुडणारी फी राज्याच्या तिजोरीतून भरून द्यायची असं ठरलं. म्हणजे ‘पैशासाठी परराज्यातल्यांना घेतात’ याचा पुरावा म्हणून जे ऑडिट दाखवलं जातं, त्याच्याच परिणामी त्यांच्या जागा कमी करायला राज्य पैसे मोजायला निघालं. दहा वर्षांपूर्वीचं अर्धं सत्य आजच्या मुलाच्या हाती देणं मला अन्यायाचं वाटतं.

‘परराज्यातल्याला आधी घेतात’ हे तर अनेक ठिकाणी नियमातच बसत नाही. टेक्सासमध्ये कायदाच आहे. ऑस्टिनच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या 90 टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांच्या, उरलेल्या 10 टक्क्यांत बाकीची सगळी राज्यं आणि सगळं जग. नॉर्थ कॅरोलायनात चॅपल हिलच्या विद्यापीठात 1986 मध्ये बाहेरच्यांसाठी 18 टक्क्यांची मर्यादा ठरली आणि ती अनेक दशकं टिकली.

आणि 18 टक्के जागा म्हणजे 18 टक्के संधी नव्हे. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते. त्या थोड्या जागांवर उरलेल्या 49 राज्यांतली मुलं तुटून पडतात. चॅपल हिलला घरच्या राज्यातल्या दहांपैकी साधारण चौघांना होकार येतो, बाहेरच्या दहांत जेमतेम एकाला. मिशिगन विद्यापीठाला अशी मर्यादा नाही आणि तिथे जवळपास निम्मी मुलं बाहेरची असतात, तरीही परराज्यातल्या मुलांचं निवडीचं प्रमाण मिशिगनच्या मुलांपेक्षा बरंच कमी आहे. कारण तेच, बाहेरून अर्जांचा पूर येतो.

उलटं चित्र कुठेच नाही का? आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्याच डेव्हिस कॅम्पसला परराज्यातल्या मुलांना होकार मिळण्याचं प्रमाण कॅलिफोर्नियाच्या मुलांपेक्षा जास्त आहे. पण त्याचं एक मोठं कारण साधं आहे: होकार आला तरी एवढी फी भरून जाणारे थोडेच, त्यामुळे एक जागा भरायला अनेकांना होकार द्यावा लागतो. तो आकडा स्वागताचा कमी आणि मुलांकडून येणाऱ्या नकाराचा अंदाज जास्त आहे. अलाबामा आणि व्हरमाँट ही विद्यापीठं मात्र खरोखर बाहेरच्यांना बोलावतात, दोन्हीकडे निम्म्याहून जास्त मुलं परराज्यांतली आहेत. गंमत म्हणजे संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या याद्यांत ही नावं क्वचितच दिसतात.

आपल्या घरांना तर मेजरचा, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाचा, मुद्दा आणखी नडतो. सिएटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये एकूण प्रवेशाचे आकडे पाहिले तर स्थानिक आणि बाहेरचे यांच्यातलं अंतर फार मोठं नाही. तिथेच कॉम्प्युटर सायन्सला थेट प्रवेश मागितला, तर परराज्यातल्या शंभरांत अगदी मोजक्यांना मिळतो. ‘आधी आत शिरू, मग मेजर बदलू’ ही वाटही जवळपास बंद आहे. एकूण प्रवेशाचा आकडा वाचून कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणारी सतरा वर्षांची मुलं मार्चमध्ये नकार आला की स्वतःला दोष देत बसतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता ‘वर्षभर राहिलं की रहिवासी’. कॅलिफोर्नियात एक वर्षाहून जास्त काळ, म्हणजे किमान 366 दिवस, राहावं लागतं हे खरं. पण मूल 24 वर्षांच्या आतलं, अविवाहित आणि आई-वडील राज्याबाहेर असतील, तर सहसा त्याला आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी असल्याचं सिद्ध करावं लागतं. तुमच्या पैशांवर शिकणारं मूल ते कसं करणार? 2025 च्या शरदात दाखल होणाऱ्या अनिवासींसाठी तिथली जादा फी वर्षाला 37,602 डॉलर होती, नेहमीच्या फीवर. ती चारही वर्षं भरायची असं धरूनच हिशेब करा.

अर्ज करण्याआधी ‘कॉमन डेटा सेट’ हा विद्यापीठाचा वार्षिक तक्ता शोधा. बरीच विद्यापीठं त्यात स्थानिक, परराज्यातले आणि परदेशी असे अर्ज आणि होकार वेगवेगळे देतात. शिवाय तुम्ही पश्चिमेकडच्या राज्यांत राहत असाल, तर ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’ पाहा. त्यात सहभागी विद्यापीठं पश्चिमेकडच्याच इतर राज्यांतल्या पात्र विद्यार्थ्यांकडून स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट फी घेतात. मात्र प्रत्येक मेजर त्यात असतंच असं नाही, आणि काही ठिकाणी वेगळा अर्ज लागतो. विद्यापीठाला फोन करून आधी तेवढं विचारून घ्या.