ट्रॅक्टरची ताकद इंजिनात की लिफ्टमध्ये?

विषय निघाला तात्यांच्या नव्या पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरवरून. "हॉर्सपॉवर बघायची, बाकी सगळं रंगकाम," तात्या म्हणाले.

मेस्त्री उसळलेच. "१९४६ साली इंग्लंडात कव्हेंट्रीला फर्ग्युसनचा टीई-२० ट्रॅक्टर निघाला. ताकद जेमतेम २४ हॉर्सपॉवर, वजन टनाच्या जरा वर. दहा वर्षांत पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले. कशाच्या जोरावर?"

"स्वस्त असेल."

"मागचं अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या जोरावर, तात्या!"

त्याआधी नांगर मागे नुसता अडकवून ओढत. तो दगडाला अडला की चाकं जोर करत राहायची, तोंड वर उचललं जायचं आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं पहिल्या महायुद्धात सरकारसाठी फिरून शेतातले ट्रॅक्टर जवळून पाहिले होते. त्यानं नांगर तीन ठिकाणी जोडला, खाली दोन लिंका, वर टॉप लिंक. जमीन कडक लागली की टॉप लिंकवर दाब येतो, स्प्रिंगवाटे तो तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिकला कळतो, लिफ्ट नांगर जरासा उचलते आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येतो. टॉप लिंकच्या रेट्यानं तोंडही खाली राहतं. हलक्या ट्रॅक्टरला लागेल तेवढं वजन कामातूनच मिळवून देणारी ही युक्ती मला आजही विलक्षण वाटते.

मास्तर म्हणाले, "अमेरिकेतल्या हेन्री फोर्डनं हात दिला नसता तर ही युक्ती आयर्लंडातच राहिली असती."

अर्धं खरं. १९३८ मध्ये दोघांनी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला, १९३९ मध्ये ही लिफ्ट लावलेला फोर्ड ९एन ट्रॅक्टर बाजारात आला. पण पुढे फोर्डच्या नातवानं भागीदारी मोडली आणि तीच लिफ्ट लावून स्वतःचा ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसन कोर्टात गेला. १९५२ मध्ये तडजोडीत त्याला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. श्रेय कुणाचं, हे मला तरी तिथंच कळतं.

तात्या हटेनात. "चोवीस हॉर्सपॉवरचं खेळणं ते!"

"त्याच खेळण्यांच्या चाकांवर रणगाड्यासारखे पट्टे चढवून एव्हरेस्टवाला हिलरी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर गेला."

"बर्फ वेगळा, मेस्त्री. हरळीचं काळं रान खोल नांगरायला ताकदच लागते."

इथं मेस्त्रींनाही मान डोलवावी लागली. "लागते. पण ती जमिनीत उतरवते लिफ्टच. १९५३ मध्ये फर्ग्युसनची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत मिसळली, १९६० मध्ये मद्रासला टाफे या कंपनीनं मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्यानं कारखाना काढला. तुमच्या भावाचा लाल मॅसी त्याच घरातला."

"लिफ्ट मान्य," तात्या उठत म्हणाले, "पण घेणार पन्नासचाच."