एका मोकळ्या जागेची किंमत
रत्नागिरीच्या पावसात वीज जाण्यापूर्वी डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी सॉफ्टवेअरचे पॅकेज तयार व्हावे म्हणून मी घाईतही त्याच्या वर्णनात आज्ञांची उदाहरणे ओळीत नीट मांडतो आणि ते वर्णन जुळवणारी ही स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, त्या साऱ्या ओळी कालवून एकच सलग परिच्छेद माझ्या हाती ठेवते. डेबियन पॅकेजच्या वर्णनात ओळीच्या आरंभी १ मोकळी जागा (स्पेस) असल्यास मजकूर सलग परिच्छेदात नव्याने जुळवला जातो, २ असल्या तर तो जसाच्या तसा राहतो, आणि कोऱ्या ओळीसाठी जागा सोडून टिंब द्यावे लागते. (हे स्क्रिप्टलाही ठाऊक असावे, ही अपेक्षा बहुधा अवाजवी!) ती मात्र आरंभीच्या जागा आधीच छाटते, आणि वाळत घातलेल्या आमसुलांवर अवचित सर यावी तशी माझ्या तक्त्याची दैना होते. आज तिसऱ्यांदा त्या जागा मी हाताने भरल्या आहेत.