सुंदरबनचे बांध आणि सिमेंटच्या भिंतीचा तोडगा

‘गंगासागरच्या वाटेवरची बेटे समुद्र चढल्यामुळे बुडत आहेत, नेदरलँड्सप्रमाणे भोवती सिमेंटची भिंत घातली की प्रश्न मिटेल, तरीही तिथले लोक दरवर्षी मातीचेच बांध घालतात, ते सरकारी मदत चालू राहावी म्हणून,’ अशा आशयाचा मजकूर सध्या नागपुरात मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. संक्रांतीला गंगासागर करून आलेल्या मंडळींनी तो विशेष उत्साहाने पुढे पाठवला. मीही त्या वाटेने जाऊन आलो आहे, आणि सारे आयुष्य पाटबंधाऱ्याच्या कामात गेल्यामुळे माझे लक्ष देवळापेक्षा बांधांकडेच अधिक होते.

समुद्र चढतो आहे, हे खरे. २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटरने वाढली, आणि त्रिभुज प्रदेशात गाळ दबून जमीनही खचत असल्यामुळे तिथे ही वाढ अधिक जाणवते. पण झीज एवढ्यानेच होत असती, तर हुगळी नदीच्या मुखातले घोडामारा बेट गेल्या काही दशकांत जवळजवळ निम्मे झाले असताना त्याच हुगळीच्या मुखात, हल्दियासमोर, नयाचर बेट वाढत गेले नसते. एका काठाची माती कापून ती दुसरीकडे टाकण्याचे काम तिथे प्रवाह आणि भरती-ओहोटी मिळून करतात.

भिंतीचा मुद्दा जरा सविस्तर पाहावा लागेल. काकद्वीपजवळच्या लॉट नंबर आठच्या घाटावर ओहोटीमुळे आमची बोट खोळंबली होती, तेव्हा बांधाचा एरवी पाण्याखाली असणारा पायथा उघडा पडलेला दिसला. वरचा भाग विटांनी नीट बांधलेला होता, खाली मात्र चिकणमातीचे पाटाएवढे तुकडे सुटून चिखलात पडले होते. भरतीचे पाणी मातीत मुरते. ओहोटीला नदी चार-चार मीटर उतरते, पण मुरलेले पाणी तेवढ्या वेगाने बाहेर पडत नाही, आणि समोरचा आधार गेल्यावर ती ओली, जड माती खाली घसरते. तलावाचे पाणी एकदम सोडले की आतल्या उताराचे पिचिंग, म्हणजे त्यावर बसवलेले दगड, सरकते, हे आपल्याकडच्या मालगुजारी तलावावर काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. तिथे हेच दिवसातून दोनदा घडते. वर सिमेंट चढवले, तर सरकणाऱ्या पायथ्यावरचे ओझे तेवढे वाढते. बांधाच्या माथ्यावरूनही पाणी आत येते, हे मान्य आहे: २६ मे २०२१ रोजी ‘यास’ वादळ ओडिशाच्या किनाऱ्याला धडकले, पण त्या दिवशी पौर्णिमेचे उधाण असल्यामुळे सुंदरबनात ठिकठिकाणी पाणी शिरले.

भिंत टिकली, असे गृहीत धरले तरी पुढचा पेच उरतोच, आणि त्याचा उल्लेख मजकुरात कुठेच नाही. बेटांची उंची भरतीबरोबर येणाऱ्या गाळाने राखली जाते, आणि बांध पाण्याबरोबर हा गाळही अडवतो. बांगलादेशातल्या ‘पोल्डर ३२’ या १९६०च्या दशकात बांध घातलेल्या बेटाची जमीन शेजारच्या मोकळ्या खारफुटीच्या जमिनीपेक्षा एक ते दीड मीटर खाली गेल्याचे मोजणीत आढळले. म्हणजे बांध जितका अभेद्य, तितकी आतली जमीन खोलगट, आणि तो फुटला तर पाणीही तितकेच खोल.

नेदरलँड्सचे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. १९५३च्या पुरानंतर त्या देशाने प्रचंड बांधकामे केली, हे खरे. पण आज तोच देश किनाऱ्यावर दरवर्षी सुमारे १.२ कोटी घनमीटर वाळू टाकतो, आणि काही नद्यांचे बांध त्याने मुद्दाम मागे सरकवले आहेत.

राहिला मदतीचा आरोप. २५ मे २००९च्या ‘आयला’ वादळात सुंदरबनातल्या सुमारे साडेतीन हजार किलोमीटर बांधांपैकी ७७८ किलोमीटर बांधांची हानी झाली, आणि रुंद पायाच्या नव्या बांधांसाठी ५,०३२ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. रुंद पायाला जमीन लागते, ती संपादन करताना काम रखडले, आणि मोठा निधी न वापरताच राहिला. बाहेरचा बांध गेला की आतल्या बाजूने ‘रिंग बांध’ घालतात, आणि दोहोंच्या मधले शेत नि घर नदीकडे राहते. असे एक घर मी सागर बेटावर पाहिले. छप्पर उतरवून नेलेले होते, चुलीत भरतीचा गाळ साचला होता, आणि नव्या बांधासाठीची माती त्याच घराच्या परसातून उचललेली होती.