आधी पाणी, मग कागद

गाडीची पुढची काच साफ करण्यावरच्या लेखात ती जुन्या वर्तमानपत्राने कोरडीच घासायला सांगितलीय. घाटावर चालत असेल, आमच्या मालवणात नको. इथे काचेवर खाऱ्या वाऱ्याचं मीठ आणि त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसते. कोरडा कागद फिरवलात की ती धूळच काच ओरबाडते. आधी भरपूर पाणी ओता, मीठ विरघळून जाऊ दे. वायपरचं रबरही ओल्या फडक्याने पुसा, कण तिथेच अडकून राहतात. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग उरले तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म, तेही सावलीत. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांचं दुखणं वेगळंच: तुडतुड्यांचा चिकटा, म्हणजे मोहोरावरच्या त्या बारीक किड्यांचा गोड चिकट स्राव! त्याला कोमट पाणी, शाम्पू आणि थोडा धीर.

चरे घालवायला सेरियम ऑक्साइडच्या, म्हणजे काच घासायच्या बारीक पुडीच्या, पॉलिशचं लेखात लिहिलंय ते बरोबर, पण बारीक रेघांपुरतंच. नख अडकेल असा चरा घासत बसलात तर काच तिथे खोलगट होते आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा वेडावाकडा दिसतो. आणि काच आतूनही पुसा हो, तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून निघणारा तेलकट थर तिथेच बसतो.