स्पेअर दाखवणारा टीव्ही

१ एप्रिल १९६७. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर, तिथलं रिव्हिएरा लेन्स हे बोलिंग केंद्र. जॅक बिऑन्डोलिलोनं टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर लागोपाठ बारा स्ट्राइक टाकले, म्हणजे दर वेळी एकाच बॉलला दहाही पिन पाडल्या. ३०० गुण, यापेक्षा जास्त होऊच शकत नाहीत. देशभर दाखवल्या जाणाऱ्या दहा पिनांच्या बोलिंगमधला तो पहिला परफेक्ट गेम. टीव्हीवरच्या जुन्या बोलिंगचा विषय निघाला की सगळे आधी याच गेमचं नाव घेतात, आणि ते साहजिक आहे. माझं मन मात्र त्या काळातल्या १९०-२०५ च्या गेममध्ये जास्त रमतं. नवव्या फ्रेमला कोपऱ्यात एकच पिन उभी आहे, खेळाडू टॉवेलनं बॉल पुसतोय, समालोचक गप्प आहे आणि घरी बसलेला माणूस मनात बेरीज करतोय. ते प्रक्षेपण बघणाऱ्याला स्पेअरची, म्हणजे उरलेल्या पिन दुसऱ्या बॉलला पाडण्याची, किंमत शिकवत होतं. आज मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपांमध्ये स्पेअर शोधून सापडत नाही.

आपल्याकडे बहुतेकांनी बोलिंग पाहिलंय ते मॉलच्या गेम झोनमध्ये. तिथे गुण मशीन मोजतं, वरच्या पडद्यावर नाचणारी चित्रं येतात आणि आकडा कुठून आला हे कुणी विचारत नाही. म्हणून आधी हिशेब सांगतो. तो कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

एका गेममध्ये दहा फ्रेम, म्हणजे दहा पाळ्या. प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिन पाडायला दोन बॉल. पहिल्याच बॉलला दहाही पडल्या तर स्ट्राइक: १० अधिक पुढच्या दोन बॉलांत पडलेल्या पिन. दोन बॉलांत मिळून दहा पडल्या तर स्पेअर: १० अधिक पुढच्या एका बॉलच्या पिन. समजा पहिल्या फ्रेमला स्ट्राइक, दुसऱ्या फ्रेमला ७ पडल्या आणि उरलेल्या ३ पाडून स्पेअर केला, तिसऱ्या फ्रेमला ९ पडल्या आणि एक राहिली. पहिल्या फ्रेमचे २०, दुसरीचे १९, तिसरीचे ९. एकूण ४८. आता दुसऱ्या फ्रेममध्ये तीनऐवजी दोनच पडल्या असं धरा. पहिलीचे १९, दुसरीचे ९, तिसरीचे ९. एकूण ३७. पिन एक राहिली आणि गुण अकरा गेले. एक गुण पहिल्या फ्रेममधून, एक दुसरीतून आणि तिसऱ्या फ्रेममधून मिळणारे बोनसचे नऊ.

गेमभर एकही स्ट्राइक न टाकता, प्रत्येक वेळी आधी ९ आणि मग उरलेली एक, असं अगदी दहाव्या फ्रेमच्या बोनससाठी मिळणाऱ्या जादा बॉलपर्यंत खेळलात तर १९० होतात. स्ट्राइक आणि स्पेअर आलटून पालटून टाकले तर बरोबर २००. त्या काळच्या टीव्हीवर २०० च्या आसपासच्या गेमनं सामना जिंकला जायचा. म्हणजे स्ट्राइकनं गुण फुगायचे, पण सामना हातातून निसटायचा तो बहुधा राहिलेल्या स्पेअरनं.

सुरुवातीच्या टीव्हीला बोलिंग का मानवलं, याचं उत्तर मला त्या जागेच्या मापांत दिसतं. फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना ओलांडायची नसते त्या रेघेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. लेनची, म्हणजे बॉल जातो त्या पट्टीची, रुंदी साडेएकेचाळीस इंचांच्या आसपास, म्हणजे ३९ फळ्या. पिनची उंची १५ इंच, दोन पिनांच्या मध्यांमधलं अंतर १२ इंच. बॉल साडेआठ इंच व्यासाचा आणि जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोच्या आसपास. फुटबॉलच्या मैदानावर तेव्हाच्या जड कॅमेऱ्यांची दमछाक व्हायची. इथे सगळा खेळ एका अरुंद पट्टीत, छपराखाली, ठरलेल्या उजेडात चालायचा. पांढऱ्या पिन, काळा बॉल. कृष्णधवल पडद्यावर याहून स्वच्छ दिसणारा खेळ शोधून काढणं कठीण होतं.

आणखी एक गोष्ट वेळेवर जुळून आली. पूर्वी पिन उभ्या करायला लेनच्या टोकाला पोरं बसायची. पिन अंगावर यायच्या, बॉल उचलून परत पाठवायचा, पुन्हा मांडणी करायची. खेळ रेंगाळायचा आणि मांडणी प्रत्येक वेळी सारखी होईलच असं नव्हतं. एएमएफ या कंपनीनं पिन मांडणारं स्वयंचलित यंत्र १९४६ मध्ये बफेलो शहरात लोकांना दाखवलं, १९५२ पासून ते बाजारात आलं, मागोमाग ब्रन्सविक कंपनीचंही आलं. खेळाला एकसारखा ठेका मिळाला. टीव्हीला ठेका लागतोच.

पहिले कार्यक्रम साधेच होते. १९५० च्या दशकात शिकागोहून 'चॅम्पियनशिप बोलिंग' यायचं. दोन खेळाडू, सरळ सामना. मग नेटवर्कवाल्यांना पैशांची चटक लागली. एनबीसी वाहिनीवरच्या 'जॅकपॉट बोलिंग'मध्ये (१९५९ ते १९६१) फक्त स्ट्राइक मोजायचे. लागोपाठ सहा टाकले की जॅकपॉट. १९६१ च्या जानेवारीत थर्मन गिब्सननं त्यात ७५,००० डॉलर मिळवले. त्या काळात ही रक्कम डोळे विस्फारणारी होती. तरी तो कार्यक्रम टिकला नाही, आणि माझ्या मते त्याचं कारण त्याच्या नियमातच होतं. स्पेअर काढून टाकला की बोलिंगमधला निम्मा विचार निघून जातो. एक बॉल चुकला तर तो भरून काढायची सोयच उरत नाही, मग बघणाऱ्यानं जीव कशात गुंतवायचा? त्याच सुमारास एबीसी वाहिनीवर 'मेक दॅट स्पेअर' होतं, बॉक्सिंगच्या लढतीनंतर उरलेला वेळ भरायला ठेवलेलं. नावाप्रमाणे त्यात अवघड स्पेअर पाडून दाखवायचे. नुसता वेळ भरायचा कार्यक्रम, पण खेळ त्याला जास्त कळला होता.

टीव्हीवरच्या बोलिंगला खरं घर मिळालं ते पीबीएमुळे, म्हणजे प्रोफेशनल बोलर्स असोसिएशनमुळे. अ‍ॅक्रनचे वकील एडी इलायस यांनी १९५८ मध्ये ही व्यावसायिक संघटना उभी केली. सुरुवातीचे सभासद ३३, प्रत्येकाची वर्गणी ५० डॉलर. १९५९ च्या पहिल्या मोसमात स्पर्धा तीनच. पहिली लू कॅम्पीनं जिंकली, उरलेल्या दोन्ही डिक वेबरनं. कॅम्पी बॉल सोडताना भलत्याच पायावर घसरायचा. उजव्या हाताचा खेळाडू शेवटचं पाऊल डाव्या पायावर घेतो, हा उजव्यावर. लहानपणापासून बोची हा इटालियन खेळ खेळल्याची ती सवय. आजचा प्रशिक्षक पहिल्या दिवशी ते पाऊल दुरुस्त करेल. तेव्हा मात्र प्रत्येकाची चाल वेगळी होती आणि पडद्यावर माणूस नुसत्या चालीवरून ओळखू यायचा. डॉन कार्टर कोपर वाकवूनच बॉल टाकायचा. १९६४ मध्ये त्यानं एका बॉल कंपनीशी दहा लाख डॉलरचा करार केला, बोलिंगच्या खेळाडूनं!

१९६२ पासून एबीसीवर शनिवारी दुपारी पीबीएचे अंतिम सामने दिसू लागले आणि १९९७ पर्यंत दिसत राहिले. समालोचक ख्रिस शेंकेल. आवाज खालचा, घाई नाही. बॉल हातातून सुटला की ते थांबायचे. लाकडावरून बॉल घरंगळत जातो तो आवाज आणि पिन फुटल्याचा आवाज, या दोन्हींना त्यांनी जागा दिली.

अंतिम फेरीची रचना शिडीची. आधी कित्येक दिवस डझनावारी गेम खेळून क्रम लागायचा. पुढे रूढ झालेल्या पाच जणांच्या शिडीत पाचवा विरुद्ध चौथा, जिंकणारा तिसऱ्याशी, मग दुसऱ्याशी, शेवटी पहिल्याशी. प्रत्येक पायरी एकाच गेमची. वरवर पाहता सगळा फायदा पहिल्याचा, एक गेम जिंकला की किताब. पण तो तासभर बसून असायचा. अंग थंड, आणि त्या दोन लेनवर सामन्याचा एकही बॉल टाकलेला नाही. खालून चढत आलेल्यानं तोवर तीन गेम खेळून लेन कुठे पकडते, कुठे सोडते हे वाचलेलं असायचं. म्हणून मला ही रचना न्याय्य वाटते. ती अन्यायकारक आहे म्हणणारेही जाणकार आहेत. आठवडाभराची मेहनत एका गेमवर लावणं त्यांना पटत नाही, आणि तोही मुद्दा खोटा नाही.

लेन वाचणं म्हणजे काय, ते इथेच सांगायला हवं, कारण तेव्हाच्या खेळाडूंचं कसब त्यात होतं. लेन खऱ्या लाकडाची. बॉल आदळतो तो सुरुवातीचा १५-१६ फुटांचा भाग टणक मेपलचा, मधला पट्टा पाइनचा, पिनखाली पुन्हा मेपल. वर लॅकरचा, म्हणजे चकचकीत रोगणाचा, थर आणि त्यावर तेल. लॅकर मऊ. बॉल जातील तसं तेल पुढे ओढलं जायचं, थर झिजायचा, त्यात टीव्हीच्या दिव्यांची उष्णता. तेल उडालं की बॉल लवकर वळतो आणि पहिल्या पिनच्या पार डावीकडे जातो. मग उजव्या हाताच्या खेळाडूनं उभं राहायची जागा दोन-तीन फळ्या डावीकडे सरकवायची. एका फ्रेमला उशीर केला तर स्प्लिट, म्हणजे एकमेकींपासून लांब उरलेल्या पिन, ठरलेला. डावखुऱ्यांची बाजू कमी वापरली जाते, तिथलं तेल जास्त टिकतं. अर्ल अँथनीसारखा डावखुरा जिंकायला लागला तेव्हा ही कुरबुर फार ऐकू यायची. १९७५ मध्ये एका मोसमात एक लाख डॉलरची कमाई करणारा तो पहिला बोलर. नुसतं तेल टिकल्यानं कुणी एवढं जिंकत नाही, त्याचा बॉल दर वेळी त्याच फळीवरून जायचा.

स्ट्राइकमागेही असंच कसब. दहा पिन बॉल एकटा पाडत नाही. पिनांची मांडणी त्रिकोणी: पुढे १, मग २-३, मग ४-५-६, शेवटी ७ ते १०, नंबर डावीकडून उजवीकडे. उजव्या हाताचा नीट बसलेला बॉल फक्त १, ३, ५ आणि ९ या चार पिनांना लागतो. १ नंबरची २ ला, २ ची ४ ला, ४ ची ७ ला पाडते. ३ नंबरची ६ ला आणि ६ ची १० ला. ५ नंबरची ८ ला. यासाठी बॉल १ आणि ३ च्या मधल्या खाचेत सहा अंशांच्या आसपास तिरका शिरावा लागतो. सरळ शिरला तर पिनांच्या धक्क्यानं उजवीकडे ढकलला जातो आणि ५ नंबरची मागे राहते. जुन्या कडक रबरी बॉलची पकड कमी, त्यामुळे तो कोन मिळवायला मनगट आणि बोटं लागायची. नंतर बॉल बदलत गेले. १९७३ मध्ये डॉन मॅक्यूननं प्लास्टिकचा बॉल रसायनात भिजवून पृष्ठभाग मऊ केला, पकड वाढली आणि त्यानं त्या मोसमात सहा किताब जिंकले. मग बॉलचा कडकपणा मोजायचा नियम आला. पुढे युरेथेनचे, मग रेझिनचे बॉल आले. आजचा बॉल स्वतःच वळतो, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

त्या काळाचं नुसतं गुणगान मी करणार नाही. अमेरिकन बोलिंग काँग्रेस या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमावलीत १९५० पर्यंत सभासदत्व फक्त गोऱ्यांना होतं. नियम गेला तरी शनिवारच्या पडद्यावर चेहरे बराच काळ एकाच रंगाचे होते. आणि मॅरियन लाडेविगसारखी खेळाडू, जिनं ऑल-स्टार स्पर्धा आठ वेळा जिंकली, तिला पुरुषांइतका वेळ कुणी दिला नाही. तिचं स्पेअरचं नेम धरणं नव्या मुलामुलींनी बघायला हवं होतं.

स्पेअरचं एक जुनं गणित अजून चालतं, म्हणून देतो. स्ट्राइकला जिथे उभे राहता तिथून, नेमाची खूण तीच ठेवून, फक्त पाय हलवायचे. २ नंबरची राहिली तर ३ फळ्या उजवीकडे, ४ ची राहिली तर ६, ७ ची राहिली तर ९. उजव्या बाजूच्या पिनांना उलटं, डावीकडे. १० नंबरच्या पिनला मात्र हे गणित अनेकदा फसतं, कारण वळणारा बॉल तिच्या अलीकडेच आत येतो. तिथे लेनच्या डाव्या बाजूला उभं राहून बॉल तिरका आणि शक्य तितका सरळ टाकावा.

७-१० चा स्प्लिट वेगळाच. दोन पिन ३६ इंच लांब, बॉल साडेआठ इंचांचा. एक पिन बाजूच्या किंवा मागच्या भिंतीवर आदळून परत आली तरच बहुधा दुसरी पडते. मार्क रॉथनं ५ जानेवारी १९८० रोजी कॅलिफोर्नियातल्या अलामेडा इथे तो टीव्हीवर पाडला, पहिल्यांदाच. २०२१ पर्यंत मोजून चार जणांना टीव्हीवर ते जमलं.

एकच सामना बघायचा असेल तर १९७० च्या फायरस्टोन टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्सचा अंतिम सामना बघा. डॉन जॉन्सन विरुद्ध डिक रिटगर. कागदावर दोन ओळी आखा, प्रत्येकीत दहा चौकोन, आणि दोघांचे गुण हातानं मांडा. रिटगर २६८ करतो. एरवी ढाल घरी घेऊन जावी असा गेम. जॉन्सनचे अकरा स्ट्राइक झालेले आहेत, बाराव्यावर दहा हजार डॉलरचा बोनस आणि गाडी लागलेली आहे. शेवटचा बॉल खाचेत बरोबर शिरतो. नऊ पडतात. १० नंबरची उभी राहते. असं होतं ते बहुधा ६ नंबरची पिन केसभर पुढून उडते आणि १० च्या मानेला वळसा घालून निघून जाते म्हणून. बॉल चांगला असून होतं, म्हणून जास्त लागतं. जॉन्सन तिथेच लेनवर पालथा पडतो. तुमच्या कागदावरच्या शेवटच्या चौकोनात २९९ येईल.