‘श्वासाचं नुसतं निमित्त, खरं तर सुंदर दिसायचं होतं’ : या प्रतिक्रियेला माझं उत्तर

काका, नमस्कार. (तुम्ही साठी ओलांडल्याचं लिहिलंय म्हणून काकाच म्हणते.)

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली आणि लगेच उत्तर टाइप करायला घेतलं होतं, पण तेव्हा डोकं तापलं होतं म्हणून ठेवून दिलं. आज शांतपणे लिहितेय आणि जरा लांबणार आहे. ज्यांनी काकांचं म्हणणं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मी गेल्या महिन्यात माझ्या नाकाच्या ऑपरेशनबद्दल लिहिलं होतं, त्यावर काका म्हणतात की श्वासाचं निमित्त पुढे करून हिने रूप बदलून घेतलं, देवानं दिलेल्या नाकाला सुरी लावायची गरज नव्हती, आणि माझं लिखाण वाचून त्यांची १६ वर्षांची पुतणी ‘मला पण करायचंय’ म्हणून घरात हट्ट धरून बसलीये, तर त्याला जबाबदार मी.

पुतणीचा मुद्दा मला लागला, म्हणून त्याचंच आधी. तुमचं तिथे बरोबर आहे. मी ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा असे दोनच फोटो शेजारी शेजारी टाकले होते, आणि नंतरचा फोटो तब्बल १४ महिन्यांनी काढलेला होता हे कुठेच लिहिलं नव्हतं. बघणाऱ्याला वाटणार आज गेलं आणि आठवड्यात असं नाक घेऊन आलं. प्रत्यक्षात सातव्या दिवशी स्प्लिंट (नाकाला आधार म्हणून बांधलेली कडक पट्टी) काढल्यावर आरशात बघून मी रडले होते, डोळ्यांखाली निळं-पिवळं झालेलं, नाक जाड आणि शेंडा वर उचललेला, बोट लावलं तर शेंड्याला काही कळतच नव्हतं. बरीचशी सूज पहिल्या काही आठवड्यांत उतरते पण उरलेली अगदी सावकाश जाते, शेंड्याची तर सगळ्यात शेवटी, कातडी जाड असेल तर वर्ष दीड वर्ष लागतं. आपल्याकडे बऱ्याच जणांची नाकाची कातडी जाड असते, त्यामुळे आत कितीही कोरीव काम केलं तरी बाहेर ते पूर्ण उमटत नाही, हेही कुणी आधी सांगत नाही. हे सगळं मी लिहायला हवं होतं. १६ वर्षांची मुलगी वाचेल असा विचार मी केला नव्हता.

आता निमित्ताबद्दल. मी नऊ वर्षांची असताना गावच्या घराच्या जिन्यावरून तोंडावर पडले होते. भळाभळा रक्त आलं, आजीने डोक्यावर गार पाणी ओतलं, रक्त थांबलं आणि विषय संपला. लहान मुलांच्या नाकात हाडापेक्षा कार्टिलेज (कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड) जास्त, त्यामुळे एक्सरेत बऱ्याचदा काही दिसत नाही आणि बाहेरून लगेच वाकडंही वाटत नाही, पण मधला पडदा (दोन नाकपुड्यांमधली भिंत) आत दुमडला असेल तर नाक वाढताना त्या वाकड्या पडद्याबरोबरच वाढतं. माझं तसंच झालं. पंधरा सोळाव्या वर्षी नाक डावीकडे गेलेलं आणि मध्ये उंचवटा आलेला. उजवी नाकपुडी जवळजवळ बंद. रात्री तोंड उघडं टाकून झोपायचे, पहाटे घसा कोरडा ठणठणीत, उशाशी पाण्याची बाटली नसेल तर झोपच लागायची नाही. मेडिकलमधून नाक मोकळं करायचे ड्रॉप्स आणून दोन वर्षं रोज घातले, आणि तेच पाच सात दिवसांच्या वर सलग घातले की औषधाचा असर गेल्यावर नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं (वाचणाऱ्यांपैकी कुणाला ही सवय लागली असेल तर आधी डॉक्टरांना विचारून ती सोडवा, ऑपरेशनचं नंतर बघा).

आपल्याकडे याला सरसकट ‘नाकातलं हाड वाढलंय’ म्हणतात, पण बहुतेक वेळा वाढलेलं काहीच नसतं. पडदा वाकलेला असतो, किंवा बाजूच्या भिंतींवरचे टर्बिनेट (नाकाच्या आतल्या फुगीर कड्या) सुजलेले असतात, ते ॲलर्जीनेही सुजतात, आणि आलटून-पालटून एक नाकपुडी थोडी बंद आणि दुसरी मोकळी असं दर काही तासांनी सगळ्यांचंच होत असतं. थोडासा वाकडा पडदा तर कितीतरी लोकांचा असतो आणि त्यांना काही त्रास नसतो, स्कॅनमध्ये दिसला म्हणून कुणी कापायला निघू नये. धुळीने शिंका येत असतील तर पडदा सरळ करून शिंका थांबत नाहीत. घोरणंही जाईलच असं नाही. पण ज्यांना खरंच पडद्यामुळे चोंदतं त्यांना फायदा होतो, ब्रिटनमध्ये ३७८ जणांवर अभ्यास झाला होता, अर्ध्यांना ऑपरेशन आणि अर्ध्यांना स्प्रे वगैरे, तो २०२३ मध्ये छापून आला आणि सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचा त्रास स्पष्ट कमी होता. म्हणजे हे निव्वळ मनाचे खेळ नाहीत.

माझी पहिली फेरी चुकलीच होती. एका ठिकाणी गेले (नाव लिहिणार नाही), तिथे माझा फोटो कॉम्प्युटरवर घेऊन दोन मिनिटांत नवीन नाक करून दाखवलं, दुर्बीण घालून आत बघितलंच नाही, आणि लगेच तारीख कधीची देऊ म्हणून विचारलं. मी तिथून उठले. दुसऱ्या डॉक्टरांनी आधी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं, मग दुर्बिणीने बघितलं, आणि मग माझा गाल दोन बोटांनी हळूच बाहेरच्या बाजूला ओढून म्हणाले, आता श्वास घ्या. काका, वयाच्या ३१ व्या वर्षी त्या खुर्चीत मला कळलं की माणसं नाकाने श्वास घेतात म्हणजे काय घेतात. इतकी हवा आत आली की मी परत परत तेच करून बघत राहिले.

त्यांनी मग जे समजावलं तेच तुमच्या आक्षेपाचं उत्तर आहे असं मला वाटतं. नाकाच्या मधल्या भागात आत एक अरुंद जागा असते, तिला व्हॉल्व्ह म्हणतात, तिथला कोन जेमतेम १०–१५ अंशांचा असतो आणि श्वासाला सगळ्यात जास्त अडथळा तिथेच. तो कोन कशाने होतो, तर पडदा आणि त्याला वर जोडलेली दोन बाजूंची कार्टिलेज, आणि हीच तिन्ही बाहेरून दिसणाऱ्या नाकाचा कणाही असतात. माझा पडदा पुढून आणि वरून वाकडा होता, तो सरळ केला की नाक सरळ होणारच, आणि नाक तसंच वाकडं ठेवून आतला रस्ता मोकळा करता येणार नव्हता. रूप आणि श्वास एकाच कण्यावर उभे आहेत, मग मी नेमकं कुठलं निमित्त कशासाठी केलं सांगा? उंचवटा घासून कमी करायचा का हे त्यांनी मला वेगळं विचारलं आणि मी हो म्हणाले. हो, मला बरं दिसायचं होतं. दोन्ही हवं होतं, आणि त्यात लपवण्यासारखं मला काही वाटत नाही.

उलट धोका आहे तो दोन्ही वेगळं समजण्यात. नुसतं बारीक सुंदर नाक हवं म्हणून उंचवटा उतरवला, हाडं आत घेतली आणि व्हॉल्व्हचा विचार केला नाही तर चांगला श्वास घेणाऱ्या माणसाचं नाक चोंदायला लागतं. म्हणून तिथे पडद्याचीच पातळ पट्टी काढून पाचरीसारखी बसवतात, त्याला स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात, माझ्याही नाकात दोन आहेत. आणि नुसता श्वास बघून पडदा भरमसाट काढला तर आधार जातो आणि नाक मध्ये खोगीरासारखं बसतं. वरून आणि पुढून निदान एक सेंटीमीटरची पट्टी सोडावी लागते. टर्बिनेटही फार कापले तर नाक रिकामं असूनही गुदमरल्यासारखं वाटत राहतं, असे पेशंट असतात आणि त्यांचे फार हाल होतात.

देवानं दिलेल्या नाकाबद्दल तुम्ही लिहिलंत तेव्हा मला कावसजी आठवला. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा मराठा गडी, १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती सापडला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला, मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवीन नाक करून दिलं. मेणाचा पातळ साचा करून तो कपाळावर ठेवला, त्या आकाराची कातडी सोडवली, दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेली ठेवली म्हणजे रक्त चालू राहील, आणि ती कातडी खाली वळवून बसवली. वर काथ भिजवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. २५ दिवसांच्या आसपास ती जोडपट्टी कापली. ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट छापून आली, तिच्यावरून कार्प्यू नावाच्या सर्जननी तिकडे सराव करून १८१४ मध्ये तसं ऑपरेशन केलं आणि पुढे युरोपभर ते पसरलं. सुश्रुताचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण पुण्याच्या या माणसाचं नावसुद्धा कुणी लिहून ठेवलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. त्या वर्णनात एक बारीक गोष्ट आहे, दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे घालायचे म्हणजे त्या मोकळ्या राहतात. म्हणजे त्यालाही माहीत होतं की नाक दिसलं पाहिजे आणि चाललंही पाहिजे. आपल्या भाषेत ‘नाक कापलं’ म्हणजे अब्रू गेली, ते नाक आपल्याच मातीतल्या माणसाने परत जोडून दिलं, त्यात देवाचा अपमान झाला असं मला नाही वाटत.

क्लेमबद्दलचा तुमचा टोमणा, की विम्याचे पैसे मिळावेत म्हणून श्वासाचं नाव. असं करणारे असतील, मी केलं नाही. रूपासाठी केलेलं ऑपरेशन पॉलिसीत बसत नाही, अपघात, भाजणं, कॅन्सर यानंतरची दुरुस्ती किंवा तब्येतीला थेट धोका असेल तर गोष्ट वेगळी. पडद्याचं ऑपरेशन बसतं पण बऱ्याच पॉलिसींत त्याला दोन वर्षांचं वेटिंग असतं. मी दोन भागांचं इस्टिमेट वेगळं लिहून घेतलं, पडद्याचं विम्यातून आणि उंचवट्याचं माझ्या खिशातून. इतरांनीही तसंच करावं, खोटे कागद करायला सांगणाऱ्या ठिकाणी मुळात नाक द्यायला जाऊच नये.

आणि आता तुमची पुतणी. काका, तुम्हीच प्रतिक्रियेत लिहिलंय की ‘आमच्या घराण्यात सगळ्यांचंच पोपटासारखं नाक, आम्ही नाही का जगलो’. हे तिने किती वेळा ऐकलं असेल? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणणारे आपण, लांब नाकालाही सोडत नाही. तिच्यावर ओरडू नका, तिला विचारा की नक्की कधीपासून वाटायला लागलं आणि कोण काय बोललं. सेल्फी बघून वाटत असेल तर तिला सांगा की हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत जवळचं नाक मोठंच दिसतं, २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशोब करून दाखवला होता की एका फुटावरून नाक ३० टक्क्यांच्या आसपास रुंद दिसतं. पाच फुटांवरून दुसऱ्या कुणाला फोटो काढायला सांगा आणि दोघं मिळून बघा. ती दिवसाचे तास तास आरशात नाकच बघत असेल, कॉलेजला जायचं टाळत असेल, तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे आधी जा, कारण त्या दुखण्यात नाक बदलून माणूस सुटत नाही, मन दुसरी खोट शोधतं.

वयाचंही सांगते. मुलींचं नाक साधारण १५–१६ पर्यंत वाढतं आणि मुलांचं आणखी वर्षभर, तोपर्यंत नुसत्या रूपासाठी हात लावत नाहीत. तिचं वाढून झालं असलं तरी थांबायला काय हरकत आहे, दोन वर्षांनी तिला स्वतःला तेच हवं असेल तर तेव्हा तिचा निर्णय जास्त पक्का असेल. दुसऱ्यांदा करावं लागण्याची शक्यता असते, ते आधी विचारायचं, आणि ते निदान वर्षभर थांबूनच करतात आणि पहिल्यापेक्षा अवघड असतं. इंजेक्शनने पाच मिनिटांत नाक सरळ करून देतो म्हणणाऱ्यांकडे तर तिला अजिबात पाठवू नका, नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात, फिलर (इंजेक्शनने भरतात ते जेल) त्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि कुठल्याही पार्लरवाल्याला ते सावरता येत नाही.

पण एक मात्र तपासा. ती रात्री तोंड उघडं ठेवून झोपते का, सकाळी घसा कोरडा पडतो का, धावताना लवकर दमते का. तसं असेल तर तिला नटायचं वेड लागलंय असं धरून बसू नका, चांगल्या कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे न्या, त्यांचं रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर बघून घ्या, आणि दुर्बिणीने आतून बघायला सांगा. माझ्या घरच्यांनी हे विचारायला बावीस वर्षं लावली.

मी मूळ लेखातले दोन फोटो आज काढलेत. त्या जागी पाच टाकलेत, सातव्या दिवसाचा, महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा आणि चौदाव्या महिन्याचा, खाली तारखा घातल्यात. सातव्या दिवसाचा फोटो बघवत नाही, पण तो तिला दाखवाच.